रिकामा रकाना

मैत्रिणींनो, आपल्या बायकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास असते. भिशी असो, हळदीकुंकू असो, नाहीतर शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट पाहत उभ्या असलेल्या आया असोत, कुणीतरी म्हणतेच, “हल्ली फार थकायला होतं गं!” मग एक म्हणते, “रक्त तपासून घे.” दुसरी बिटाची कोशिंबीर सुचवते, तिसरी खजूर, चौथी मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा. पाचवीच्या ओळखीचे डॉक्टर शक्तीचे इंजेक्शन म्हणे फार छान देतात! एवढे झाले की विषय संपतो आणि आपण बांगड्याच्या भावाकडे वळतो.

हे सल्ले टाकाऊ मुळीच नाहीत. पण समजा, रक्त तपासले, रिपोर्ट चांगला आला आणि थकवा जागच्या जागीच राहिला, तर? तर डॉक्टर म्हणतात, “काही नाही.” घरी आल्यावर घरची माणसे विचारतात, “काय म्हणाले डॉक्टर?” आपण सांगतो, “काही नाही म्हणाले.” घरचेही निर्धास्त होतात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या गजराला ती ‘काही नाही’वाली बाई दुधाच्या पिशवीला कात्री लावायला उठते. त्या ‘काही नाही’बद्दलच आज तुमच्याशी बोलायचे आहे.

निमित्त झाले माझ्या धाकट्या नणंदेचे. ती पुण्याला सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात काम करते. तिच्या हुद्द्याचे नाव ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’. सासूबाईंना कुणी विचारले, “तुमची लेक काय करते हो?” तर त्या न अडखळता सांगतात, “कॉम्प्युटरवर लोकांची दुखणी मोजते!” माझ्या मते इतकी नेमकी व्याख्या तिच्या साहेबांनाही जमायची नाही.

मागच्या चतुर्थीला ती सावंतवाडीला आली ती गणपती पोचवल्यावरही पंधरा दिवस राहिली. कचेरीचे काम घरूनच चालले होते. मी सकाळच्या शाळेत आठवी-नववीला मराठी आणि इतिहास शिकवते, अर्धवेळच. साडेबाराला घरी येते. दुपारची झाकपाक झाली की जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तिचा लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला माझ्या गवारीच्या शेंगा, असे आम्ही दोघी आपापले काम मांडून बसत असू.

एक दिवस ती एकदम हसत सुटली. “वहिनी, ये बघ! या बाईला नव्व्याण्णव मुलं आहेत!”

मी गवार तशीच टाकून उठले. पडद्यावर भलामोठा तक्ता होता, आमच्या शाळेच्या हजेरीपटासारखा. एका ओळीत एक बाई. नावे नाहीत, नुसते क्रमांक. कुणाची गोष्ट कुणाची ते कळू नये म्हणून नावे आधीच काढून टाकलेली असतात. आणि पुढे रकानेच रकाने. वय, शिक्षण, मुले किती, घरावर कर्ज आहे का, गेल्या काही महिन्यांत उपाशी राहावे लागले का, दवाखान्यात जायचे ते कोण ठरवते, मनातले बोलायला कुणी आहे का, झोप लागते का. त्याच ओळीत आणखी पुढे रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन.

नव्व्याण्णव मुलांचे कोडे तिनेच उलगडून सांगितले. एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर विचारणाऱ्याने तिथे ‘९९’ असा खुणेचा आकडा टाकलेला असतो. कॉम्प्युटर बिचारा भाबडा! त्याला आधी समजावून सांगितले नाही, तर तो ती खरीच मुले धरतो आणि साऱ्या गावाची सरासरी काढून मोकळा होतो. म्हणून हिचे पहिले कित्येक दिवस नुसत्या निवडण्या-टिपण्यात जातात, आपण तांदूळ निवडतो तसे. कुणाचे वय बारा आणि लग्नाला मात्र वीस वर्षे झालेली, कुणाची उंची सोळा सेंटिमीटर, असे खडे वेचत बसायचे.

खडे वेचताना ती एक नियम फार कटाक्षाने पाळते. “रिकामा रकाना दिसला म्हणून तिथे शून्य भरायचं नाही,” ती म्हणाली. “नवरा हात उगारतो का, असा प्रश्न असतो. ‘नाही’ म्हणाली तर शून्य. पण जी गप्पच बसली, तिच्यापुढे शून्य लिहायचा मला काय अधिकार? तिला सांगायचं नसेल, सांगता येत नसेल, कदाचित सासू दाराआड उभी असेल. रिकामं ते रिकामंच ठेवायचं.”

हे काही तिचे एकटीचे सोवळे नाही बरे का! आपल्या देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही मारहाणीचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि तेही आसपास कुणी नसेल तरच. एकांत मिळाला नाही, तर ते प्रश्न विचारतच नाहीत. २०१९–२१ च्या सर्वेक्षणात असे विचारल्यावर, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. याच सर्वेक्षणात आणखी तीन साधे प्रश्न असतात. तुमच्या औषधपाण्याचे कोण ठरवते? घरातली मोठी खरेदी कोण ठरवते? आणि माहेरी, नातेवाइकांकडे जायचे ते कोण ठरवते? सरकारी कागदावर माहेरचा प्रश्न! मी तो पुन्हा एकदा वाचून काढला. ज्या गोष्टी आपण ‘घरातलं घरात’ म्हणून पदराखाली झाकतो, त्या आरोग्याच्या पाहणीत रक्तदाबाच्या शेजारी मांडून बसल्या होत्या.

या गोष्टींना नणंदेच्या शास्त्रात ‘मनोसामाजिक घटक’ म्हणतात. नाव जड, अर्थ सोपा. मनातली काळजी, भोवतालची माणसे, पैशाची ओढाताण, घरात आपल्या शब्दाला असलेली किंमत. या सगळ्याचा शरीराच्या दुखण्याशी मेळ बसतो का, बसत असेल तर कितपत, ते आकड्यांनी ताडून पाहायचे, हे तिचे काम.

ती हे सांगत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे सारखी ताई येत होती. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, कुडाळला असते. वय बेचाळीस. भावोजींचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे, मुलगा बारावीला. घर खाऊनपिऊन सुखी, माणसे वाईट नाहीत. तीन वर्षांपूर्वी तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत. आणि गेली दीड वर्षे ताई सारखी थकलेली. जिना चढली की बसते. बोलता बोलता तिचे डोळे मिटतात. हिमोग्लोबिन तपासले, साडेबारा निघाले. थायरॉइड ठीक, साखर ठीक. डॉक्टरांनी टॉनिकची बाटली लिहून दिली आणि तेच म्हणाले, “काही नाही.”

मी नणंदेला सरळच विचारले, “रक्त चांगलं असूनही बाई थकते, याचं तुमच्या शास्त्रात काही आहे का गं?”

तिने जो शोधनिबंध उघडला तो निघाला आमच्या शेजारचाच, गोव्याचा! डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात, हळदोण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात ही पाहणी केली आणि २००५ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा ३,००० बायका निवडल्या. त्यांपैकी २,४९४ जणींनी होकार दिला. निदान सहा महिने थकवा असल्याचे शंभरात बारा जणींनी सांगितले. म्हणजे साधारण आठ बायकांत एक. आपल्या भिशीत सोळा जणी असतील, तर त्यांतल्या दोघी.

या बायकांचे रक्तही तपासले होते. आणि आकडे मांडल्यावर काय दिसले? दीर्घ थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही! मग कशाशी आढळला? वाढत्या वयाशी आढळला. कमी शिक्षण, घरावरचे कर्ज आणि गेल्या तीन महिन्यांत सोसलेली उपासमार यांच्याशी आढळला. मनाच्या काळजीशी आणि खिन्नतेशी तर होताच. आणि बाई म्हणून वाट्याला येणाऱ्या जाचाशी, विशेषतः नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशीही होता. याच पाहणीत ‘अंगावरून पांढरं जातं’ या तक्रारीचाही माग काढला होता. जिच्यासाठी आपण दवाखान्याच्या खेपा घालतो आणि कुणापाशी बोलतही नाही, त्या तक्रारीचे नातेही जंतूंपेक्षा याच मनोसामाजिक गोष्टींशी अधिक दिसले.

वाचून मी गप्पच झाले. पण लगेच नणंदेने बोट वर केले. “वहिनी, यातून दोन चुकीचे अर्थ काढायचे नाहीत हं.”

पहिला असा, की आता लोहाच्या गोळ्या नकोत. नाही हो! २०१९–२१ च्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला आहे. महिनोन् महिने थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर ही तपासणी आधी झालीच पाहिजे, आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या पुऱ्या घ्यायच्या. त्या गावांतल्या त्या बायकांचा थकवा केवळ रक्ताने उलगडत नव्हता, एवढेच ती पाहणी सांगते.

दुसरा अर्थ जरा नाजूक आहे. तो मला माझ्या शाळेवरून चटकन कळला. आमच्या नववीत ज्या मुली गणिताच्या शिकवणीला जातात, त्यांना गणितात इतरांपेक्षा कमीच मार्क असतात. म्हणून काय शिकवणीमुळे मार्क कमी होतात? छे! ज्या कच्च्या असतात त्याच शिकवणी लावतात. तसेच थकव्याचे. काळजीने बाई थकली, की सतत थकल्यामुळे काळजीत पडली? एकदाच जाऊन विचारलेली पाहणी म्हणजे फोटो. फोटोत दोघी शेजारी उभ्या दिसतात, कोण आधी आली ते कळत नाही. शिवाय वय असते, गरिबी असते, तीही मध्ये लुडबुडतात. म्हणून तिशीच्या बाईशी तिशीचीच ताडून पाहायची, कर्ज असलेल्या घराशी कर्ज असलेलेच घर, अशी वेगवेगळ्या चाळण्यांतून माहिती चाळून घ्यायची. नणंदेचा निम्मा पगार म्हणे या चाळण्यांचाच आहे!

तुम्ही म्हणाल, मनाला त्रास झाला तर मन थकेल, शरीर कसे थकेल? मीही हेच विचारले. त्यावर तिने मला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला, १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक प्रयोग सांगितला. जॅनिस किकोल्ट-ग्लेसर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या तेरा बायका घेतल्या. त्यांच्याच वयाच्या, तशाच मिळकतीच्या, पण शुश्रूषेचा भार नसलेल्या आणखी तेरा घेतल्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी बारीक जखम केली आणि ती भरून यायला किती दिवस लागतात ते मोजले. दुसऱ्या तेराजणींची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांची भरायला जवळजवळ ४९ दिवस लागले!

विळीवर बोट कापले की आपण हळद दाबतो आणि कामाला लागतो. ते बोट लवकर बरे होईल की उशिरा, हे घरात दुसऱ्याचे उठबस करणारे कोण आहे यावरही अवलंबून असेल, असे कधी मनात तरी आले होते का? सततच्या ताणाने शरीरातल्या रसायनांचा तोल ढळतो आणि डागडुजीचे काम मंदावते. तेव्हा ‘सगळं तुझ्या मनाचं आहे’ असे कुणी म्हणाले, तर ‘मनाचं असेल, पण जखम हाताचीच भरत नाही’ असे खुशाल सांगावे.

पुढच्याच रविवारी मी कुडाळला गेले. ताई सोलकढीसाठी नारळ खवत होती. मी ओट्यापाशी स्टूल ओढले आणि विचारले, “ताई, रात्री किती वेळा उठतेस?”

“उठते दोनतीनदा. आईंना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. कधी ओलं झालेलं बदलायचं असतं.”

“दोनदा की तीनदा?”

“अगं, ते कोण मोजतंय!”

“तू मोज. दुधाचं मोजतेस ना?”

तुमच्या-माझ्यासारखेच ताईच्याही स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे, त्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आहे, आणि तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब असतो. ताईने त्याच चौकोनात, खालच्या कोपऱ्यात, रात्री उठले की एक बारीक उभी रेघ ओढायला सुरुवात केली. कुणाला काही बोलली नाही. मलाही वाटले, चार दिवस करील नि सोडून देईल. पण ताईचा हिशेब पहिल्यापासून चोख.

महिना संपला. भावोजी दुधाचे पैसे काढायला कॅलेंडरपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “हे काय, या महिन्यात दुधाचे इतके खाडे?”

ताई पोळ्या लाटत होती. मागे न बघता म्हणाली, “दुधाचे नव्हेत. माझ्या झोपेचे.”

भावोजींनी एकेका चौकोनावर बोट ठेवत रेघा मोजल्या. तीस रात्रींत एक्याण्णव. ताईने मला फोनवर सांगितले, की ते काहीच बोलले नाहीत; चहा तसाच ठेवून दुकानात गेले. मात्र त्या रात्री त्यांनी आपली गादी उचलली आणि आईच्या खोलीत टाकली.

मैत्रिणींनो, भावोजी दुष्ट नाहीत. दीड वर्ष बायको ‘थकते’ हे त्यांना ठाऊकच होते, त्यांनीच तिला डॉक्टरकडे नेले, टॉनिकही तेच आणत. पण ‘थकते’ हा शब्द रोज ऐकून गुळगुळीत झालेला असतो. एक्याण्णव हा आकडा गुळगुळीत नव्हता.

आता आठवड्यातल्या तीन रात्री भावोजी उठतात, शनिवारी मुलगा. सकाळी सासूबाईंना आंघोळ घालायला एक बाई येतात. त्यांना द्यावे लागणारे पैसे टॉनिकपेक्षा बरेच जास्त आहेत, आणि त्यावरून घरात एकदा कुरबूर झाली हेही खरे. सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. ताईला विचारले तर ती म्हणते, “निम्मा थकवा गेला बघ.” उरलेला निम्मा अजून आहे.

त्या निम्म्याबद्दल बोलताना नणंदेने मला लंडनची गोष्ट सांगितली. तिथल्या सरकारी कचेऱ्यांतल्या १०,३०८ स्त्री-पुरुष नोकरदारांची एक मोठी पाहणी १९८५ साली सुरू झाली. तिचे नाव ‘व्हाइटहॉल दोन’. सर मायकेल मार्मट हे तिचे सुरुवातीचे प्रमुख. वर्षानुवर्षे त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासत गेले, म्हणजे हा एक फोटो नव्हे, सिनेमाच म्हणा. कचेरीत कामाचा दाब आहे आणि कामावर स्वतःचा ताबा मात्र नाही, अशांना हृदयविकार जास्त होतो, असे त्यात दिसलेच. पण २००४ साली त्यातूनच आणखी एक गोष्ट छापून आली. घरात जे घडते त्यावर आपला ताबा आहे असे वाटते का, असे सगळ्यांना विचारले होते. ‘नाही वाटत’ म्हणणाऱ्या बायकांत पुढे हृदयविकार अधिक आढळला. पुरुषांत मात्र घरातल्या ताब्याचा असा काही संबंध दिसला नाही.

आपल्याकडे ‘घर बाईचंच असतं’ असे म्हणायची पद्धत आहे. पण बघा बरं, आज कुठली भाजी करायची हे ताई कशावरून ठरवते? सासूबाईंना गिळता येईल ते, भावोजींच्या पित्ताला चालेल ते, मुलाच्या डब्यात जाईल ते. तिला स्वतःला काय खावेसे वाटते, हे तिला विचारले तर तिला आठवावे लागले. कामे सगळी तिची आणि निर्णय परिस्थितीचे. कणकवलीला माहेर, गाडीने अर्ध्या-पाऊण तासाची वाट. पण आईबाबांकडे चार दिवस राहायला जाऊन तिला तीन वर्षे झाली होती. या दिवाळीनंतर ती गेली. चारच्या ऐवजी सहा दिवस राहिली. परत आल्यावर घर जागेवर होते!

आता उपायांचे सांगते, कारण नुसते मोजून काय करायचे, असे तुमच्या मनात आलेच असेल. उपायही पुन्हा गोव्याचाच. तिथे ‘मानस’ नावाचा एक मोठा प्रयोग झाला. १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने त्यात होते. काळजी, खिन्नता यांनी ग्रासलेले जे रोगी साध्या अंगदुखी-थकव्यासाठी आले होते, त्यांना हुडकून काढले. निम्म्या ठिकाणी त्यांच्याशी बोलायला, समजावून सांगायला, पुन्हा पुन्हा विचारपूस करायला सल्लागार नेमले. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. साधी, तिथलीच माणसे, शिकवून तयार केलेली. २०१० साली निकाल लागला. सरकारी केंद्रांत, जिथे सल्लागार होते तिथे सहा महिन्यांत शंभरातले सुमारे ६६ जण बरे झाले. जिथे नव्हते तिथे सुमारे ४३. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, तेही त्यांनी लपवले नाही. विचारपूस म्हणजे नुसती ‘बोलाची कढी’ नव्हे, हे मात्र त्यातून दिसले.

आपल्याला सगळ्यांना असे सल्लागार दाराशी मिळतील असे नाही. पण २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा आहे. १४४१६ हा क्रमांक लावला तर पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही कुणीतरी ऐकते आणि मराठीत बोलता येते. घरात मारहाण, जबरदस्ती असेल तर महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे आजच कुठेतरी टिपून ठेवा. स्वतःला नको असतील, पण शेजारणीला उपयोगी पडतील.

आणि नणंद पुण्याला जाण्याआधी मी तिच्याकडून आपल्यासारख्या घरबसल्या बायकांसाठी पाच प्रश्न मागून घेतले. डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटल्यावर ते स्वतःला विचारायचे:

रात्री मी सलग किती तास झोपते? मनातले, न भिता, बोलायला मला कोण आहे? माझ्या हातात, हिशेब न देता खर्चायला, थोडे तरी पैसे आहेत का? औषध, खरेदी, माहेर या तिन्हींत माझा शब्द चालतो का? घरात मला कुणाची भीती वाटते का?

उत्तरे कुणाला दाखवायची नाहीत. हवी तर कॅलेंडरच्या मागच्या पानावर, आपल्यालाच कळेल अशा खुणांनी लिहायची. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा थकव्याबरोबर यातले जे सांगता येईल ते डॉक्टरांना सांगा. ‘डॉक्टर, मी रात्री तीनदा उठते’ हे वाक्य ‘डॉक्टर, अशक्तपणा वाटतो’ यापेक्षा त्यांना कितीतरी अधिक उपयोगी पडेल.

एखाद्या प्रश्नाचे उत्तर लिहवले नाही, तर? तर तो रकाना रिकामा राहू द्या. मीही ताईला त्या पाचांतला दुसरा प्रश्न विचारला होता. मनातलं बोलायला कोण आहे तुला? ती काही न बोलता उठली आणि कढी तापवायला गेली. मी पुन्हा विचारले नाही. पण तिथे शून्यही लिहिलेले नाही. दर रविवारी साडेदहाच्या गाडीने मी कुडाळला जाते, ओट्यापाशी स्टूल ओढून बसते, आणि आम्ही दोघी नारळ खवतो.